दोन काठांची आखाजी

६ डिसेंबर १९८७

सुंदर,

'प्रिय' लिहिणार होते, पण ते वाचून तुझं डोकं फिरेल आणि पुढचं पत्र चुलीत जाईल, म्हणून नुसतंच सुंदर. कौतिक दूधवाल्याच्या हाती देतेय. त्याला सांगितलंय, बाईंच्याच हातात दे, सासूबाईंच्या नको, आणि बाई वाचून होईपर्यंत दूध मापू नको. दुधासाठी तरी वाचशील.

आखाजीपासून तू माझ्याशी बोलत नाहीस. मीटिंगला भडगावला येतेस, दुसऱ्या टोकाला बसतेस, चहा आला की कप घेऊन खिडकीशी जाऊन उभी राहतेस. मला काय पटकी झालीय? बरं, ते राहू दे. काम निघालंय म्हणून लिहिते.

जानेवारीच्या शेवटी भडगावला तालुक्यातल्या शाळांचं स्नेहसंमेलन आहे, ते पत्रक तुलाही आलं असेल. दर वर्षी काय होतं तुला माहीत आहे. ज्या पोरांनी गिरणेपलीकडे पाणी पाहिलं नाही ती डोक्याला लाल टोपी घालून होडी वल्हवतात आणि आपण टाळ्या वाजवतो. यंदा आपले नवे विस्तार अधिकारी, पितांबर साहेब, म्हणाले की आपल्या मातीतलं काही करा, गाण्यांचं नाटक बसवा. माझं तोंड तुला माहीत आहे. मी उठून म्हटलं, आखाजी बसवते. गौराई माहेरी येते, पोरी झोके घेतात, शंकर न्यायला येतो, आणि शेवटी दोन्ही काठांच्या पोरी गौराई बोळवायला नदीवर येऊन एकमेकींना गाण्यातून शिव्या देतात. साहेब नाशिककडचे. अक्षय्यतृतीयेची आपल्याकडे अशी आखाजी होते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. म्हणाले, "वा, फारच छान. फक्त शिव्या तेवढ्या वगळा." शिव्या वगळून आखाजी म्हणजे मिरची वगळून ठेचा. पण मी हो म्हणून बसले.

आता खरी अडचण ऐक. माझ्या वर्गातल्या अर्ध्या पोरींना मी आपला काठ केलं आणि अर्ध्यांना तुमचा काठ. तुमचा काठ व्हायला एकही तयार होईना. दटावून उभ्या केल्या तर त्या गातात काय, "तुमनं गाव चांगलं शे, तुमनी पोरी चांगल्या शेत." मी म्हटलं, अगं, शिव्या द्यायच्यात, आरती नाही ओवाळायची. तर एक पोर रडतच घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिची माय पदर खोचून शाळेत हजर. "बाई, आमनी पोर तिकडनी व्हनार नही. खेय मा बी नही." तिच्या जागी मी असते तर मीही आले असते.

म्हणजे पलीकडचं गाव पलीकडूनच आणायला पाहिजे. मला तुझ्या पोरी हव्यात. आणि चाल लावायला तू हवीस. माझ्या पेटीचं तुला सांगायला नको.

आता दुसरं. लिहिणार नव्हते, पण न लिहिता हे पत्र म्हणजे नुसती मागणी होईल. आखाजीच्या दिवशी नदीवर आमच्या काठावरून जे गाणं आलं, ते मी शिकवलेलं नाही. "आमनी बाईनी नाकारेल नवरा, तुमनी बाईनी पदरमा लिन्हा." हिलालभाऊ आधी मला बघायला आले होते आणि मी नको म्हटलं, हे तुझं त्यांच्याशी जमलं तेव्हा धुळ्याच्या होस्टेलात तुला मी स्वतः सांगितलं होतं. दोघी एकमेकींच्या डोक्याला तेल लावत पोट धरून हसलो होतो. मला तेव्हा परीक्षेपुढे नवरा दिसत नव्हता. परीक्षा संपल्यावर लगेच भाईदास दिसले ही गोष्ट वेगळी. हे आपल्या दोघींत होतं, म्हणून तुला वाटतं की मीच कुठेतरी बोलले. मी बोलले नाही, सुंदर. कोण बोललं ते मला माहीत नाही.

आणि तू तरी काय केलंस? शिवीला शिवी गायली की तिथेच संपतं, नदीवरचं घरी न्यायचं नाही, हा आपला रिवाज. तुझ्यासारखा गळा दोन्ही काठांवर नाही. तू एक ओळ फेकली असतीस तर आमच्या बायका तोंड लपवत घरी गेल्या असत्या. तू जबाबच दिला नाहीस. पाठ फिरवून निघून गेलीस. ते गाणं अजून तिथेच अडकून पडलंय.

पोरी पाठव. तू आलीस तर मला फार बरं वाटेल, पण निदान पोरी पाठव.

बेबा


१४ डिसेंबर १९८७

सुंदरबाई यांस,

तुमचं उत्तर आलं. वर्गात वाचलं आणि इतकी तापले की समोरच्या पोरांना उगाच पाढे म्हणायला लावले. "आपले पत्र पावले. शाळेच्या हिताच्या दृष्टीने मुली सरावास पाठविण्यास हरकत नाही. मुली आपल्या गावात येणार नाहीत. कळावे." मी तुझी 'आपण' कधीपासून झाले गं? होस्टेलात माझी चादर ओढून घेताना 'आपली चादर' म्हणायचीस का?

पण पोरी देतेस, एवढं पुरे. कागदावर कशीही बोल.

आता जागेचं. तुमच्या पोरी आमच्या गावात येणार नाहीत. आमच्या गावाला विचारलं तर तेच. सुकदेव, माझ्या वर्गातल्या भिकू नावाच्या पोरीचा बाप, म्हणाला, "आमन्या पोरी तिकडे जाईसन गावाव नहीत." मग मी म्हटलं, नदी तर कोणाच्या बापाची नाही ना? मध्ये वाळूचं बेट उघडं पडलंय, दोन्हीकडून पाणी गुडघ्याखाली आहे. तिथे सराव. शनिवारी सकाळची शाळा सुटली की लगेच. कोणी कोणाच्या गावात गेलं नाही आणि कोणाची मान खाली झाली नाही. भाईदासना पेटीसाठी बैलगाडी जुंपायला सांगितली. ते खाटेवरून म्हणाले, "लाइट आली तर मला मोटार लावायची आहे." मी म्हटलं, लाइट येईपर्यंत तुम्ही खाटेवर, आणि लाइट गेली की पुन्हा खाटेवर, मध्ये जरा गाडी हाका. हाकली.

परवाचा पहिला सराव झाला. तुझ्या पोरी रांगेत आल्या, वेण्या घट्ट, पायातल्या चपला हातात धरलेल्या. माझ्या पोरी वाळूत लोळत होत्या. दोन्ही फौजा समोरासमोर आल्या आणि एकमेकींकडे अशा बघायला लागल्या की मला वाटलं, आता दगड उचलतात. मग तुझ्या त्या मोतीने, चौथीतल्या, झोक्याचं गाणं सुरू केलं. सुंदर, पहिल्याच ओळीला मी पेटीवरचा हात काढला. ती चाल तुझी आहे. शेवटी आवाज खाली न सोडता वर नेऊन ठेवायचा, हे तुझ्याशिवाय कोणी करत नाही. पोरीच्या तोंडून मी तुला ऐकत होते. मग माझ्या पोरींनी ती चाल उचलली आणि पेटी उगाच मध्ये मध्ये लुडबुडत राहिली.

तू बाभळीखाली उभी होतीस. दिसली नाहीस असं समजू नकोस, तुझी ती निळी छत्री मी ओळखते. थंडीत छत्री कशाला लागते? तोंड लपवायला. बरं, उभी राहा. बाभूळ काही आमच्या गावात येत नाही.

बेबा


३ जानेवारी १९८८

सुंदर,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा देते, नको असल्या तर कौतिककडे परत कर.

आधी मजेचं सांगते. साहेबांनी शिव्या वगळायला सांगितल्या, म्हणून मी बसून सभ्य शिव्या लिहिल्या. "तुमच्या गावची वांगी किडकी." "तुमच्या विहिरीचं पाणी मचूळ." पोरींनी त्या अशा म्हटल्या की जणू बाजारभाव सांगतात. तुझी मोती तर ओळ संपल्यावर मला विचारते, "बाई, आते खरं गावू का?" मी म्हटलं, खबरदार. पण माझ्याच गालात हसू मावेना. शंकर झालेला बन्सीलाल गौराईला न्यायला येतो, तर दोन्हीकडच्या पोरी एक होऊन त्यालाच इतकं सुनावतात की काल तो म्हणाला, "माले गौराई नको, मी घर जास." मी म्हटलं, बाबा, शंकरालाही चुकलं नाही, थांब.

आता दुसरं. हे लिहू की नको, यात आठवडा गेला.

मागच्या शनिवारी सरावातून परतताना आमची भिकू माझ्यापुढे चालत होती आणि तीच ती ओळ गुणगुणत होती. नाकारेल नवरा. मी पाठीत एक धपाटा घातला आणि तिथेच उभी केली. हे गाणं कोणी केलं? म्हणाली, मी. नऊ वर्षांची पोर, सुंदर. रचलं तिने आणि मागच्या आखाजीला बायकांनी उचललं. मी विचारलं, तुला कसं कळलं? "आबा घर बोलत व्हतात." आबा म्हणजे सुकदेव. आबाले कोनी सांगं? तिने नाव सांगितलं.

ते नाव मी लिहीत नाही. तू विचारशील, तरी सांगणार नाही. तुला वाटेल, म्हणजे ही स्वतःच बोलली आणि आता गोष्टी रचते आहे. वाटू दे. तुझा राग आठ महिने अंगावर घेतलाय, अजून थोडे दिवस घेईन. पण नाव सांगून जे होईल ते मला नको आहे.

दुसऱ्या दिवशी भडगावला जाऊन मी त्या माणसाला गाठलं. चांगलं फैलावर घेतलं. तो खाली मान घालून म्हणाला की मी बोललो, पण पोरीने अर्धंच गायलं, पुढचं अर्धं राहिलं. आणि पुढचं अर्धं त्याने मला सांगितलं. खरंच आहे, शिवीला अर्धीच गोष्ट लागते, उरलेली गायला कोण बसतं? ते ऐकून भर रस्त्यात माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू ते ऐकलं असतंस तर तुझे हे आठ महिने असे गेलेच नसते. मी आज सांगू शकते, पण ते सांगितलं की सांगणाराही कळतो. म्हणून त्याला म्हटलं, ज्याची गोष्ट त्याने सांगावी. तो हो म्हणाला, पण घाबरतो. तुला घाबरतो. त्यात त्याची काही चूक नाही, मीही घाबरते.

बेबा


१७ जानेवारी १९८८

सुंदर,

ढोलकीला हिलालभाऊंना घेतलंय, ते तू बाभळीखालून पाहिलंसच. कोणाला विचारून घेतलं म्हणशील. मी नुसतं म्हटलं, भाऊ, सायकलचं दुकान शनिवारी अर्धा दिवस बंद ठेवा आणि या. त्यांना नाही म्हणता आलं नाही. का, ते विचारू नको. भजनी मंडळात वाजवणारा माणूस पोरांच्या मागे एवढा जीव लावून वाजवेल असं मला वाटलं नव्हतं. झोक्याच्या गाण्याला ढोलकी इतकी हळू वाजवतात की दोरी करकरल्याचा भास होतो. फक्त भिकू गायला लागली की मान वर करत नाहीत.

घरी काही बोलले का? नसतील. दर शनिवारी मी विचारते, सांगितलं का? आणि ते ढोलकीच्या दोऱ्या आवळायला लागतात. आता त्या दोऱ्या तुटतील, पण यांचं तोंड उघडणार नाही.

काल तू पाण्यात उतरलीस. मोतीचा सूर घसरला आणि तुला राहवलं नाही. साडी धरून घोट्याएवढ्या पाण्यात आलीस आणि तिथून ओरडलीस, "वर ठेव, वर ठेव." मग माझ्या भिकूलाही रागावलीस, दम कुठे घेतेस म्हणून. माझी पोर तुझं बोलणं खाऊन इतकी खूश झाली की घरी जाईपर्यंत दम कुठे घ्यायचा तेच म्हणत होती. मी तुझ्यापासून हाकेवर उभी होते. पेटीवर हात ठेवून गप्प. मी गप्प, यावरून तरी काय ते समज.

सरळच लिहिते. तू समोर असून मला तुझी आठवण येते. मेलेल्या माणसाची आठवण येते ती बरी, निदान ते माणूस पाठ करून उभं नसतं.

संमेलनाच्या दिवशी स्टेजच्या एका बाजूला माझ्या पोरी असतील, एका बाजूला तुझ्या. त्या बाजूला पडद्यामागे कोणी तरी हवं. पोरी लहान आहेत, लाउडस्पीकर आहे, समोर सगळा तालुका. एखादी पोर ओळ विसरली तर सांगायला कोण? मी दोन्हीकडे धावू शकत नाही, पाय दोनच आहेत आणि गुडघे तुला माहीत आहेत. माझ्यासाठी नको, मोतीसाठी ये.

बेबा


३० जानेवारी १९८८

सुंदर,

काल कार्यक्रम संपल्या संपल्या तू पोरींना घेऊन टेम्पोत बसलीस आणि टेम्पो सुटला. मी पडदे सोडत होते, खुर्च्या मोजत होते, साहेब मला बोलावत होते. म्हणून काल तुला जे सांगायचं होतं ते आज लिहिते. माझ्या बाजूने ते कसं दिसलं, ते तुला कुठून दिसणार?

पहिलं सगळं छान चाललं. झोका, गौराई, आमचा बन्सीलाल. मग दोन्ही काठ समोरासमोर आले आणि किडकी वांगी, मचूळ पाणी सुरू झालं. समोर आपल्या दोन्ही गावच्या बाया, अर्ध्या इकडे अर्ध्या तिकडे, जणू मंडपातून नदी वाहते. त्यांना काही ही वांगी पसंत पडेनात. मागून एकीने म्हटलंच, "हाई काय गानं शे? दुखनं पडेल शेत का पोरी?" आणि तुझी मोती पुढे झाली. माझ्याकडे बोट करून गायली, "तुमनी बाईनी पेटी, म्हैस सारखी रेकस." सगळा मंडप हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू, पेटी रेकतेच.

पण आमच्या भिकूला ते सहन झालं नाही. बाईंचा अपमान. पोरीने इकडे तिकडे पाहिलं, हातात काय आहे ते शोधलं, आणि तिच्याकडे होतं त्यातलं सगळ्यात जड तेच फेकलं. मी पडद्याआडून हात हलवत होते, नको, नको. गेली ती ओळ. लाउडस्पीकरवर. नाकारेल नवरा.

ढोलकी थांबली. हिलालभाऊंचे हात हवेत. मला वाटलं, झालं, आता ही पुन्हा पाठ फिरवणार, आणि या वेळी कायमची. मला समोरच्या पडद्याआड तुझी साडी तेवढी दिसत होती. ती हलली. मी डोळे मिटले.

आणि तुझा आवाज आला.

"तुना नाकारेल नवरा, मनी चूल पेटाडस,
तुना पसंत करेल नवरा, खाटवर बसी जेवस."

पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही की हे कोण गातं. मग तुझी साडी पडद्याबाहेर आली, मागून तू आलीस, दोन्ही हात कमरेवर. आणि तुमच्या काठाच्या बाया जाग्यावरून उठल्या. असा आवाज मी नदीवरसुद्धा ऐकला नाही. आमच्या काठाच्याही हसत होत्या, पदर तोंडात घालून. सगळ्यांची तोंडं भाईदासकडे वळली. आमचं माणूस काय करील? उठून उभं राहिलं आणि चारी बाजूंना हात जोडले. लग्नातसुद्धा एवढ्या आनंदाने नमस्कार केला नव्हता त्यांनी. घरी येऊन खाटेवर बसले आणि म्हणाले, "सुंदरबाईंचा गळा अजून तसाच आहे." जेवण तिथेच मागितलं.

हिलालभाऊंनी ढोलकीवर जी थाप मारली तिने पुढचं सगळं मला ऐकूच आलं नाही. मी रडत होते. पेटी रेकत होती की मी, ते भिकूला विचार.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "बाई, हे लिहिलेलं होतं का?" मी म्हटलं, होय साहेब, शेवटी दोन्ही शाळांच्या शिक्षिका येतात, असंच आहे. त्यांनी उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. पहिलं होडीवाल्यांना गेलं. जाऊ दे.

तू उत्तर दिलंस. बाकी मला काही नको होतं. आता बोललीस तर बोल, नाही बोललीस तरी माझी तक्रार नाही. पण बोल.

तुझी
बेबा


३० जानेवारी १९८८, दुपार

बेबे,

कौतिक दारात उभा आहे, त्याला चहा दिला आहे, तो संपेपर्यंत लिहिते.

तुला वाटतं तू नाव लपवलंस. अगं, होस्टेलात माझ्यासाठी साडी आणलीस ती वाढदिवसापर्यंत तुझ्या पोटात राहिली नाही. आणल्या दिवशीच रंगासकट सांगून मोकळी झालीस. ज्या बाईच्या पोटात साडी राहत नाही, तिच्या पोटात एक नाव राहिलं, म्हणजे ते माझ्याच घरातलं असणार. तुझं नव्या वर्षाचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं. त्या दिवसापासून तुझ्यावरचा राग गेला. पण यांच्यावरचा आला, आणि तो फार वाईट होता.

यांनी आधी तुला पाहिलं याचं मला कधी काही वाटलं नाही. आपण हसलो होतो ते खरं हसलो होतो. पण सगळी नदी हसली तेव्हा पहिल्यांदा ते टोचलं. आणि हेच ती गोष्ट बाहेर सांगत फिरतात हे कळल्यावर वाटलं, इतक्या वर्षांनी का सांगतात? अजून यांच्या मनात तूच आहेस का? मी आपली तुझ्यासाठी वाढलेल्या पानावर बसले का? विचारायची हिंमत झाली नाही. म्हणून हे ढोलकीला यायला लागल्यावरही बाभळीखालीच उभी राहायची. तुला बघायला नाही, यांना बघायला. तुझ्याकडे कसे बघतात ते. तर हे तुझ्याकडे बघतच नव्हते, मान खाली घालून ढोलकी बडवत होते, त्यावरूनही काही कळेना.

काल भिकूने ओळ फेकली आणि ढोलकी थांबली. मी यांच्याकडे पाहिलं. चेहरा असा झाला होता की पाहवेना. मला राग यायला हवा होता. पण मला रोजची सकाळ दिसली. मी अंघोळीला जाते तेव्हा हे चुलीपुढे बसून फुंकणीने फुंकत असतात, डोळ्यांतून पाणी गळतं, आणि मी आले की म्हणतात, "पेटली." माझ्या तोंडून तेच निघालं. ठरवून काही गायले नाही.

परत येताना टेम्पोत मी यांना म्हटलं, आता पुढचं अर्धं सांगा. हे म्हणाले, "पोरींसमोर?" मी म्हटलं, पहिलं अर्धं मी दोन गावांसमोर ऐकलंय, पोरींचं काय घेऊन बसलात.

तर ऐक. दर आखाजीला हे गौराईपुढे एक नारळ जास्तीचा फोडतात. मला वाटायचं पावसासाठी. पानटपरीवर कोणी तरी यांना चिडवलं की बायको फार तिखट मिळाली, तेव्हा हे म्हणाले, "बेबाबाईंनी नाही म्हटलं म्हणून ही मिळाली. त्यांच्या नावाचा नारळ दर आखाजीला फोडतो मी." सुकदेव ते ऐकून घरी गेला आणि त्याने अर्धंच सांगितलं.

टेम्पोतल्या पोरी एकमेकींना कोपरखळ्या मारायला लागल्या. मग मोतीने सुरुवात केली आणि नदी येईपर्यंत त्यांचं गाणं तयार होतं. "बाईनी नाकारा, भाऊनी नारय फोडा." रस्त्याने जाणारे बैलगाडीवाले वळून बघत होते. मी यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि पोरी बघत होत्या तरी रडले.

आखाजीला अजून तीन महिने आहेत. तेवढं थांबायला मी तयार नाही. आज सकाळी यांना बाजारात पाठवून नारळ आणवला आणि तुझ्या नावाने फोडला. एक वाटी आमची, एक तुझी. उद्या रविवार आहे. मी नदी उतरून घेऊन येते, तुमच्या गावात, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या दारांवरून. घरीच थांब.

सुंदर